पाणी आहे, पण कसले?

नव्या विहिरीसाठी अनुदान मागणाऱ्या शेतकऱ्याकडून पाणी उपलब्धतेचा दाखला मागितला जातो. पाणी लागेल की नाही, एवढेच त्यावरून कळते. ते पिकाला मानवेल काय, गोठ्यातल्या जनावराला चालेल काय, हे विचारण्याची गरज शासनाला वाटत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हे या अर्धवट हिशेबाचे ढळढळीत उदाहरण होय. तेथे विहिरीला पाणी असते आणि शेत कोरडवाहू राहते.

खारे पाणी जिभेलाच कळते, मग परीक्षा कशाला, असे विचारणारे महाभाग आहेत. जीभ फार तर मीठ ओळखील. विद्युतवाहकता मीटरला २.२५ डेसिसायमनच्या वर गेली की असे पाणी सामान्य परिस्थितीत सिंचनास अयोग्य, हे अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ सालीच सांगून ठेवले आहे. त्याहून कपटी सोडियम. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या मानाने तो वाढला की काळ्या मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते आणि वाळलेली जमीन दगडासारखी बनते. हे नुकसान पहिल्या हंगामात दिसत नाही. दिसू लागते तेव्हा विहिरीचे कर्ज डोक्यावर असतेच.

जनावरांची उपेक्षा तर विचारूच नये. नायट्रेटला ना रंग, ना वास. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती खुंटते. युरिया ओततो बागायतदार. शेळी दगावते ती भूमिहीन मजूर बाईची!

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेसाठी मातीचे १२ घटक तपासले जातात. २०१९ च्या जलजीवन मोहिमेने माणसांच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी गावोगाव नेली. या दोहोंच्या मध्ये शेतातली विहीर आणि गुरांचा हौद तेवढे सुटले. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने जमीनधारकाला भूगर्भातील पाणी उपसण्याचा हक्क दिला. त्याबरोबर जोखीमही त्याच्याच पदरी आली, आणि निरीक्षण विहिरींचे आकडे राहिले सरकारी दप्तरात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीत मागणी नेमकी करावी. अनुदान वा कर्ज मंजूर होण्यापूर्वी आसपासच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा, सरकारी खर्चाने तपासले जावे. सामू, वाहकता, सोडियमचे गुणोत्तर, नायट्रेट व फ्लोराइड यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. आणि अशी तपासणी न करता खोदविलेल्या विहिरीला निरुपयोगी पाणी लागले, तर तिचे कर्ज शासनाने फेडावे.