घरातलं यंत्र : रेडिएटर वर, समोर की खाली?

विहिरीवर किंवा बोअरवर मोटर असलेल्या घरात 'मोटरीने हवा धरली' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. मोटर फिरत असते, आवाज येत असतो, वीज जळत असते. पाण्याचा मात्र थेंब नाही. मग कोणीतरी जाणतं माणूस येतं, वरून पाणी ओततं, हवा बाहेर काढतं आणि धार सुरू होते. यंदाचा विषय कॉम्प्युटरचा आहे, पण हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. पुढे कामी येईल.

तंजावूरला माझी मामेबहीण असते. सासर तिथलं जुनं मराठी घर, मोठ्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांच्या काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तिचा मुलगा घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मे महिन्यात तिकडे 'अग्नि नक्षत्रम्' म्हणून उन्हाचे दिवस मानतात आणि त्याच सुमारास वैकाशीतली लग्नं सुरू होतात. म्हणजे काम सगळ्यात जास्त तेव्हाच, आणि ऊनही तेव्हाच.

गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला. "मामा, व्हिडिओ अर्धा तयार होतो आणि कॉम्प्युटर फटकन बंद पडतो. रविवारी द्यायचाय. ॲडव्हान्स घेतलाय." एसी लावून पाहिला होता, खोक्याची बाजू उघडून टेबल फॅन लावून पाहिला होता. मी म्हटलं, फोन खोक्याजवळ धर. आतून खळखळ ऐकू येत होती, जणू कोणी रिकाम्या ग्लासात स्ट्रॉने ओढतंय. व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर रेडिएटर खोक्याच्या तळाशी.

आता थोडं यंत्र समजून घेऊ. लिक्विड कूलरचे मुख्य भाग तीन. प्रोसेसरवर बसणारा ठोकळा, ज्यात बहुतेक कंपन्यांच्या कूलरमध्ये छोटा पंपही असतो. दोन रबरी नळ्या. आणि बारीक पात्यांचा रेडिएटर, ज्यावर पंखे लावलेले असतात. पंप द्रव फिरवतो, द्रव प्रोसेसरची उष्णता उचलतो आणि रेडिएटरमध्ये पंख्यांच्या वाऱ्याने ती बाहेर टाकतो. मोटारगाडीत चालतं तेच. कारखान्यातच सीलबंद होऊन येत असल्यामुळे आपल्याला त्यात पाणी घालावं लागत नाही.

गोम इथेच आहे. सीलबंद असलं तरी आत थोडी हवा असतेच. शिवाय नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षं अगदी सूक्ष्म प्रमाणात पाणी झिरपून जातं आणि त्याची जागा हवा घेते. ही हवा जाते कुठे? बुडबुडा जातो तिथे, सगळ्यात उंच जागी. रेडिएटर तळाशी असेल तर सगळ्यात उंच जागा कोणती? प्रोसेसरवरचा पंप. म्हणजे आपणच हवेला पंपात आणून बसवलं. विहिरीवरची मोटर आठवली ना? पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं तेही त्या द्रवातूनच, त्यामुळे हवा धरली की गारवा जातो आणि पंपही झिजतो. आमच्या भाच्याचा कूलर पहिली दोन वर्षं नीट चालला तो यामुळेच; तेव्हा आत हवा थोडी होती. चुकीच्या जागेचा हिशोब उशिरा होतो, म्हणून कारण लक्षात येत नाही.

२०२० मध्ये 'गेमर्स नेक्सस' या अमेरिकन यूट्यूब चॅनेलने यावर एक व्हिडिओ केला आणि जगभरच्या हौशी लोकांनी आपापली खोकी उघडून पाहिली. त्यातला गाभा एका ओळीत मावतो: रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. हे एक पाळलं की बाकीच्या गोष्टी आवडीनिवडीच्या.

सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे खोक्याचं छत, पंखे बाहेर हवा फेकतील असे. सगळी हवा रेडिएटरच्या पोटात गोळा होते आणि पंपाला त्रास नाही. 'गरम हवा वर जाते म्हणून वर लावा' असं दुकानात सांगतात. पंखे फिरत असताना त्या नैसर्गिक चढाला फारसा अर्थ उरत नाही; खरं कारण बुडबुड्यांचं. छतावर एक तोटा आहे. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा याच रेडिएटरमधून बाहेर पडते, त्यामुळे प्रोसेसर काही अंश जास्त तापतो. त्याने बिघडत नाही.

समोर लावला तर बाहेरची ताजी हवा आधी रेडिएटरला मिळते. प्रोसेसर थोडा गार, ग्राफिक्स कार्ड थोडं गरम. गेम खेळणाऱ्या मुलांच्या कॉम्प्युटरमध्ये जास्त उष्णता कार्डाचीच असते, म्हणून त्यांच्यासाठी मी छतच सुचवीन. समोर लावताना शक्य असेल तर नळ्या खालच्या बाजूला घ्या, म्हणजे बुडबुडे नळ्यांपासून लांब, वरच्या टोकाला राहतात. नळ्या तेवढ्या लांब नसतील तर वर घेतल्या तरी चालतं, फक्त कधीतरी खळखळ ऐकू येईल. नव्या कूलरने पहिले काही दिवस थोडा आवाज केला तर घाबरू नका. खोकं हळूच पुढे-मागे कलतं करा, बहुधा थांबेल.

आता मापं. १२० मिलिमीटरचे दोन पंखे म्हणजे २४०चा रेडिएटर, तीन म्हणजे ३६०चा. जाडी साधारण २७ मिलिमीटर, त्यावर पंखा २५ मिलिमीटर, म्हणजे छताखाली पाच सेंटीमीटरहून थोडी जास्त जागा लागते. आमच्या भाच्याचं गाडं इथेच अडलं होतं. त्याच्या रॅमच्या पट्ट्या दिव्यांच्या, उंच. छताला लावलेला रेडिएटर त्यांना आपटत होता. म्हणून त्याने तो तळाशी नेला. काचेतून दिसायलाही छान दिसत होता, हे त्याने नंतर कबूल केलं. खरेदीआधी खोक्याच्या माहितीपत्रात कुठे किती मापाचा रेडिएटर बसतो ते वाचा आणि रॅमची उंची मोजा. ही पाच मिनिटं फार कमी लोक देतात.

त्याचं ग्राफिक्स कार्ड आखूड होतं, म्हणून समोर जागा निघाली. मी त्याला फोनवर सांगत गेलो. आधी स्विच बंद कर, वायर काढ. प्रोसेसरवरचा ठोकळा हलवू नकोस. तो उचलला तर थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागेल. फक्त रेडिएटर सोड. पात्यांत अडकलेली धूळ ब्लोअरने उडव, पण पंखा बोटाने धरून ठेव, नाहीतर तो वाऱ्याने बेफाम फिरतो. समोर लाव, नळ्या खाली, हवा आत येईल असे पंखे. पंपाची वायर मदरबोर्डवर जिथे आहे तिथला वेग पूर्ण ठेव. सुरू करण्याआधी खोकं दोन-चार वेळा कलतं कर. त्याची आई मागून विचारत होती, "जेवणार कधी?"

सुरू केल्यावर त्याने 'एचडब्ल्यूइन्फो' हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं. तुम्हीही ठेवा, तापमान आणि पंपाचा वेग दोन्ही त्यात दिसतात. आधी काम सुरू होताच आकडा १०० अंशांना टेकत होता. आता तासाभराने ८२.

८२ ऐकून पुण्यातला कोणी म्हणेल, जास्तच की. पण कोणताही रेडिएटर खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. खोली ३६ अंशांची असेल तर द्रव त्याच्या वरच राहणार, आणि खोलीचा एक अंश वाढला की प्रोसेसरचाही साधारण तेवढाच वाढतो. तंजावूर काय, नागपूर काय, उन्हाळ्यात हिवाळ्याच्या आकड्यांशी तुलना करू नका.

आणि तुमचा कॉम्प्युटर फक्त अभ्यास, हिशेब, सिनेमे एवढ्यासाठी असेल, तर माझं मत विचाराल तर लिक्विड कूलर घेऊच नका. साधा मोठा हवेचा कूलर घ्या. त्यात पंप नाही, म्हणून हवा धरायचा प्रश्नच नाही. पंखा गेला तर पंखा बदलायचा.

व्हिडिओ रविवारी सकाळी पोचला. भाचा सांगत होता, नवरीकडची मंडळी खूश आहेत. कूलर मात्र आता समोर आल्यापासून काचेतून नीट दिसत नाही, याची त्याला अजून हळहळ आहे. पंप दोन वर्षं झिजलेला असल्यामुळे तो किती चालेल ते पाहायचं. कूलरच्या वॉरंटीचा कागद मी त्याला शोधून ठेवायला सांगितलाय.