आडात नाही ते बाटलीत कुठून येणार?

पीक गुडघ्याएवढं झालं आणि पानं जराशी पिवळी दिसली की आपले पाय आपोआप कृषी सेवा केंद्राकडे वळतात. दुकानदार पान हातात घेऊन उलटंसुलटं करतो, मान हलवतो आणि मागच्या फळीवरची बाटली काढतो. "काका, हे एक मारून बघा, आठ दिवसांत काळोखी येते." बाटलीवर हिरव्यागार शेताचं चित्र, डेरेदार कपाशी, बोंडांनी वाकलेल्या फांद्या. आत काय आहे ते बारीक इंग्रजी अक्षरांत. किंमत मात्र शेकड्यांत. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि पाव लिटरच्या बाटलीला आपण त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजतो. तेही घासाघीस न करता, कारण पीक पिवळं आहे आणि जीव घाबरा आहे.

ही सगळी औषधं खोटी आहेत असं मला म्हणायचं नाही. काही उपयोगी आहेत. पण कशाचा उपयोग कुठे आणि किती, याचा हिशेब आपण करत नाही, तो दुकानदार करतो. आज तो आपण करू.

पिकाला सतरा अन्नद्रव्यं लागतात. कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू ही तीन हवा-पाण्यातून येतात. बाकीची चौदा जमिनीतून यावी लागतात. त्यातली नत्र, स्फुरद, पालाश ही किलोच्या मापाने लागतात, तर जस्त, लोह, बोरॉन, तांबे, मंगल, मॉलिब्डेनम ही ग्रॅमच्या मापाने. किलो आणि ग्रॅम एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मी फसवणूक थांबते.

आता १९:१९:१९ ची एक किलोची पुडी घ्या. त्यात नत्र १९ टक्के, म्हणजे १९० ग्रॅम. एकरात एक पुडी फवारली, तशा तीन फवारण्या केल्या, तरी नत्र गेलं ५७० ग्रॅम. युरियाच्या एका गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतं. म्हणजे एका गोणीची बरोबरी करायला १०८-१०९ पुड्या हव्यात. फवारणीतून नत्र दिल्याने पिकाला तात्पुरता आधार मिळतो, मुळं काम करत नसतील तेव्हा तो मोलाचाही ठरतो. पण जमिनीतून द्यायचा डोस फवारणीवर भागवतो असं कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब मांडून दाखवा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि पोहऱ्यातही नाही ते पाव लिटरच्या बाटलीत कुठून येणार?

सूक्ष्म अन्नद्रव्यांची गोष्ट वेगळी. तिथे गरजच ग्रॅमची, म्हणून थोडक्यात काम होतं. झिंक सल्फेट एकरी दहा किलो जमिनीतून दिलं तर त्यातून दोन किलोच्या आसपास जस्त मिळतं आणि त्याचा परिणाम दोन-तीन हंगाम टिकतो. दरवर्षी टाकायची गरज नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या पुढे असतो. तिथे जस्त आणि लोह जमिनीत असूनही पिकाला उचलता येत नाही. घरात ज्वारीची कणगी भरलेली आणि किल्ली हरवलेली, तसा प्रकार.

म्हणून अशा जमिनीत नुसतं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फेकून उपयोग होत नाही. चुन्याशी गाठ पडली की ते लगेच अडकून बसतं. तेच आठ-दहा दिवस शेणखतात मुरवून दिलं तर बरंचसं हाती लागतं. चिलेटेड लोह घ्यायचं असेल तर पुडीवर ईडीटीए आहे की ईडीडीएचए आहे ते वाचा. ईडीटीए लोह फवारणीला चालतं, पण सामू साडेसहाच्या वर गेला की जमिनीत ते टिकत नाही. चुनखडीत टिकतं ते ईडीडीएचए, आणि ते महाग असतं. दुकानात दोन्हींना 'चिलेटेड' एवढंच म्हणतात. आठ सामूच्या जमिनीत ठिबकमधून ईडीटीए लोह सोडणं म्हणजे पैसे चुन्याला खाऊ घालणं. आणखी एक, झिंक सल्फेट आणि डीएपी एकत्र कालवून देऊ नका. जस्त आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात आणि पीक दोन्हींना मुकतं.

पिवळेपणा पिवळेपणासारखा नसतो, हेही बघायला शिका. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. भुईमूग, ऊस, मोसंबी यांत हे आपण नेहमी बघतो. कपाशीवर लाल्या येतो त्यात नत्र-मॅग्नेशियमच्या कमतरतेचा हात असतो, रात्रीच्या थंडीचाही असतो. तिथे साधं मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का, म्हणजे दहा लिटरला शंभर ग्रॅम, हे काम करतं. फुलकोबीचा दांडा पोकळ निघाला तर बोरॉन बघा, पण बोरॉन मोजून द्या. त्याची कमी आणि जास्त यांत अंतर फार थोडं आहे.

आणि एक पिवळेपणा असा असतो की त्याला कशाचीच गरज नसते. ऑगस्टमध्ये चार-पाच दिवस झड लागली, रानात पाणी थांबलं, मुळांची हवा कोंडली की सोयाबीन आणि कपाशी पिवळी पडते. जमिनीत सगळं असतं, पण मुळाला श्वास घेता येत नसल्याने ते उचलता येत नाही. चर काढून पाणी बाहेर काढलं, वाफसा आला, ऊन पडलं की पीक आपोआप सुधारतं. नेमकं त्याच आठवड्यात आपण बाटली फवारलेली असते. पीक हिरवं झालं की श्रेय बाटलीला. ऊन आणि वाफसा यांची जाहिरात कोणी करत नाही ना! मग पुढच्या वर्षी आपण स्वतःहून तीच बाटली मागतो आणि शेजाऱ्यालाही सांगतो. औषधाचा खप असा वाढतो, त्यात कंपनीच्या माणसाला फारसं काही करावं लागत नाही.

यावर उपाय सोपा आहे. फवारताना शेताच्या मधोमध चार ओळी सोडा, त्यांवर नुसतं पाणी फवारा. दोन्हीकडे काठ्या रोवून खूण करा. काढणीला त्या चार ओळींचा आणि शेजारच्या चार ओळींचा माल वेगवेगळा मोजा. पानांची काळोखी मोजू नका, कारण काळोखी बाजारात विकली जात नाही. उलट नत्राचा जोर जास्त झाला तर पीक लुसलुशीत होतं आणि मावा-तुडतुड्यांना आमंत्रण मिळतं. चार ओळींची ही परीक्षा ज्या औषधाने पास केली ते खुशाल वापरा. दुकानदाराला सांगा, मी चार ओळी सोडणार आहे. त्याचा चेहराच बरंच काही सांगून जाईल.

आता कायद्याचं. आपण ज्याला टॉनिक म्हणतो त्यातली बरीचशी समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्ल यांची असतात. यांना सरकारी भाषेत जैव उत्तेजक म्हणतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती करून ती नियंत्रणाखाली आणली. त्याआधी वर्षानुवर्षं ती कोणाच्याच दप्तरात नव्हती. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं की देशात अशी सुमारे ३० हजार उत्पादनं बिनबोभाट विकली जात होती. तपासणी कडक केल्यावर साडेसहाशेच्या आसपास उरली, असंही ते म्हणाले. तीस हजारांतून साडेसहाशे! बाकीच्यांचे पैसे कोणी दिले होते? आपणच. जिबरेलिक आम्लासारखी वाढ नियंत्रकं तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतात, त्यांची नोंदणी वेगळी. म्हणून बाटली घेताना जैव उत्तेजक म्हणून घटक, प्रमाण आणि कोणत्या पिकासाठी हे छापलं आहे का ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला लावा. नुसतं "सर्व पिकांसाठी चमत्कार" एवढंच लिहिलं असेल तर ठेवा परत.

पण आपण नाही म्हटलं तरी घ्यावं लागतं, ही तक्रार मी गावोगाव ऐकतो. ऐन पेरणीत डीएपी मागितलं की सोबत बाटली नाहीतर पुडी घ्यावीच लागते. याला लिंकिंग म्हणतात. १,३५० रुपयांची डीएपीची गोणी अशी कितीला पडते ते घेणाऱ्यालाच ठाऊक. दुकानदाराला विचारलं तर तो वर बोट दाखवतो, वरून माल असाच जोडून येतो म्हणतो. त्याचंही काही अंशी खरं असेल. पण ओझं शेवटी येतं ते वाफ्यात उभ्या असलेल्या माणसावर. अनुदानित खत २०१८ पासून अंगठा लावून ई-पॉस मशीनवर मिळतं, त्याची पावती निघते. बाटलीची पावती मात्र वेगळी असते किंवा नसतेच. ती मागा. पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही. शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. तो खटला बियाण्याचा होता, पण पावतीची किंमत त्यातून कळते.

आता दोन शब्द सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि कृषी खात्याची मंडळी यांना. कंपनीच्या पीक पाहणी कार्यक्रमात फेटा बांधून घेताना जरा विचार करा. तुमच्या फोटोवर गावातली पाच-पन्नास माणसं विश्वास ठेवतात. त्यापेक्षा गावात पडून असलेल्या माती परीक्षणाच्या पत्रिका बाहेर काढा. मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली, पत्रिकेवर बारा गोष्टींची नोंद असते. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत नमुने घेतले गेले ते बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे तुमच्या नावाच्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याच्या रानातलीही असू शकते. ही गोष्ट लोकांना कोणी सांगितली? पत्रिका खोटी नाही, पण तिच्यावरून गावाचा अंदाज येतो, आपल्या बांधाच्या आतला नाही. स्वतःच्या रानाचं जाणून घ्यायचं तर स्वतःच नमुना काढावा लागतो.

तो उन्हाळ्यात, रान मोकळं असताना काढा. बांधाजवळची, विहिरीजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाची जागा सोडून नागमोडी आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. सगळी एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरू द्या. जस्त-लोह तपासायचं असेल तर गंजकं खुरपं आणि पत्र्याची बादली वापरू नका, पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो आणि अहवाल चुकतो. लाकडी काठी नि प्लास्टिकचं घमेलं बरं. उसाच्या, कपाशीच्या आणि पडीक रानाच्या पिशव्या वेगळ्या. अहवालात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला तर समजा की बाटलीचा नव्हे, शेणखताचा प्रश्न आहे. एक टन चांगल्या शेणखतात पाचेक किलो नत्र असतं, आणि शिवाय ते अडकलेली कणगी उघडतं. गोठे रिकामे झाले हे मान्य, मग पाचट जाळू नका, कपाशीच्या पऱ्हाट्या कुट्टी करून रानात पसरा, ताग-धैंचा गाडा.

एक मेची ग्रामसभा जवळपास प्रत्येक गावात होते आणि तिच्यात नमुना काढायचा हंगामही बरोबर सापडतो. त्या दिवशी घरकुलाच्या यादीनंतर दहा मिनिटं या विषयाला ठेवा. कृषी खात्याच्या माणसाला बोलवा, एका खड्ड्याचा नमुना सगळ्यांसमोर काढून दाखवायला सांगा, आणि गावातल्या किती पिशव्या प्रयोगशाळेत गेल्या, किती अहवाल परत आले, तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. तालुक्याला जाणाऱ्या टेम्पोचं भाडं गावाने काढलं तर पन्नास पिशव्या एका फेरीत जातात.