चूक संघाची, गुण गेले जेहानचे

प्रति,
पंचमंडळ, एफआयए फॉर्म्युला टू

सन्माननीय पंचहो,

१० जुलै २०२२ चा तुमचा निर्णय मला आजही मान्य नाही.

ऑस्ट्रियातल्या श्पीलबर्गची मुख्य शर्यत. ट्रॅक ओलसर. नेदरलँड्सचा रिचर्ड व्हर्स्खोर पहिला आला, आमच्या मुंबईचा जेहान दारूवाला दुसरा. मग तुमचे कागद निघाले. स्टार्टच्या आधी जेहानच्या प्रेमा संघाच्या माणसांनी त्याच्या गाडीची जागा यंत्राने सुकवली, म्हणून जेहानला वीस सेकंदांचा दंड! पुढे व्हर्स्खोरच्या टाकीतून तपासणीला लागतं तेवढं इंधन निघालं नाही, तो बाद. म्हणजे तो दंड नसता तर विजेता जेहान ठरत होता. विजय आणि त्याचे २५ गुण गेले लोगन सार्जंटकडे. जेहान पहिल्या तिघांतही उरला नाही.

हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटमध्ये बसलेल्या पोराने त्या यंत्राला हात तरी लावला होता का?

मी परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावचा. आमच्याकडे शर्यत म्हटलं की बैलजोड्यांचा शंकरपट. जोडीने किती सेकंद घेतले ते भोंग्यावरून तिथल्या तिथे सांगतात, आणि वाद झाला तर पंच आणि बैलवाले सगळ्यांसमोर तोंडावर भांडतात. तुमचा निकाल मात्र प्रेक्षक उठून गेल्यावर, बंद खोलीतून येतो.

नियम मोडला तर शिक्षा हवी, यात मला शंका नाही. एफ-वनमध्ये जुलै २०२४ ला बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल जिंकला, पण गाडी ७९८ किलोच्या मर्यादेपेक्षा दीड किलो हलकी भरली आणि त्याचा विजय गेला. हलकी गाडी पळते, ते पटतं. पण अपात्रतेचा हिशोब किती दूर जातो तेही बघा. वेळेचा दंड माणसाला खाली ढकलतो, अपात्रता त्याचं नावच पुसते आणि मागचा प्रत्येक जण वर सरकतो. ऑस्टिनला २०२३ मध्ये दुसरा आलेला हॅमिल्टन आणि सहावा आलेला लेक्लेर, गाडीखालची फळी जास्त झिजली म्हणून बाद झाले, आणि बाराव्या सार्जंटला दहाव्या जागेचा एक गुण मिळाला. लास व्हेगासला २०२५ मध्ये त्याच कारणाने नॉरिसचे १८ गुण गेले. त्याने त्या वर्षीचं विजेतेपद जिंकलं ते फक्त दोन गुणांनी. इतक्या बारीक धाग्यावर या पोरांची आयुष्यं टांगलेली असतात. फॉर्म्युला टूमध्ये वर्षअखेर पहिल्या तिघांत आलं तर एफ-वनच्या परवान्याचे ४० गुण मिळतात, खाली घसरत गेलं की ते झपाट्याने आटतात. सार्जंट पुढच्याच वर्षी विल्यम्सच्या गाडीत बसला. त्या एका शर्यतीमुळेच बसला असं मी म्हणणार नाही. पण जेहान एफ-वनच्या शर्यतीत कधी उतरलाच नाही, हे मला सलतं.

संघ वेगळा आणि चालक वेगळा, हे तुमच्याच संस्थेने पूर्वी मानलंय. २००७ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात मॅक्लारेन संघाचे सगळे गुण काढले, दहा कोटी डॉलरचा दंड ठोकला, पण हॅमिल्टन आणि अलोन्सोचे गुण राहू दिले. १९९७ मध्ये शूमाकरने जाणूनबुजून धडक दिली, तेव्हा त्याचं अजिंक्यपदातलं दुसरं स्थान काढलं आणि फेरारीचे गुण तसेच ठेवले. ज्याचा गुन्हा, त्यालाच शिक्षा. मग श्पीलबर्गला काय आडवं आलं?

आणि व्हर्स्खोरबद्दलही वाईट वाटतं. जुलै २०२४ मध्ये बुडापेस्टच्या स्प्रिंट शर्यतीतला त्याचा विजय थ्रॉटलच्या चुकीच्या सेटिंगपायी पुन्हा गेला. तो मिळाला बेंगळुरूच्या कुश मैनीला, त्याचा फॉर्म्युला टूमधला पहिलाच. मी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. पण कुश तोवर दुसऱ्या पायरीवर उभा राहून खाली उतरला होता, आपलं राष्ट्रगीत वाजलंच नाही. एकाचं हिरावलं गेलं आणि दुसऱ्याला धड मिळालंही नाही.

जेहानचा तो निकाल आता बदलणार नाही. पण स्टार्टच्या जागेवर मेकॅनिकने केलेल्या चुकीसाठी संघाचे गुण कापा, संघाकडून दंड घ्या, आणि चालकाने ट्रॅकवर कमावलेली जागा त्याच्याकडे राहू द्या. हा नियम पुढच्या हंगामाआधी लिहून काढा, एवढी माझी मागणी आहे.

आपला,
राणीसावरगावचा एक शर्यतप्रेमी