दंतरोपण : घाई कोणाची, जबडा कोणाचा?

दात गेले की उरलेले आयुष्य कवळीशी जुळवून घेण्यात घालवावे, हे एकेकाळी बहुतेकांच्या नशिबी ठरलेलेच असे. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर दात उभारणाऱ्या दंतरोपणाने हे चित्र पालटले. आता ही शस्त्रक्रिया महानगरांपुरती राहिलेली नाही. लहान शहरांतील दवाखान्यांवरही तिच्या पाट्या झळकतात. मात्र ‘एका दिवसात पक्के दात’ असे आश्वासन त्यांवर वाचले की, ज्या संयमावर हे शास्त्र उभे राहिले त्याचाच विसर पडू लागला आहे काय, अशी शंका येते.

स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झालेले आढळले. माणसावर पहिला प्रयोग झाला तो १९६५ मध्ये. त्या रुग्णाला ते दात चाळीस वर्षांहून अधिक काळ, अखेरपर्यंत उपयोगी पडले. तरीही १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतरच जगभरच्या दंतवैद्यकाने ही पद्धत मनापासून स्वीकारली. स्क्रू बसवल्यावर काही महिने हाडाला विश्रांती द्यावी आणि मगच त्यावर दात चढवावा, असा ब्रोनेमार्क यांचा मूळ दंडक होता. आज निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो, हे खरे. पण ‘निवडक’ आणि ‘तात्पुरता’ हे दोन्ही शब्द जाहिरातीतून नेमके गळतात.

ही निवड करणे म्हणजेच नियोजन. दात कोठे हवा आणि त्यावर चावण्याचा भार कसा येईल, हे आधी ठरते. स्क्रूची जागा, लांबी व कोन त्यावरून निश्चित होतात. खालच्या जबड्यातून ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवणारा मज्जातंतू जातो. त्याच्यापासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखावे, असा संकेत आहे. तो दुखावला तर ओठाचा बधिरपणा कायमचा राहू शकतो. वरच्या जबड्यात हाड भुसभुशीत असते आणि त्याच्या वर सायनसची पोकळी असते. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची रुंदी कळत नाही. त्यासाठी त्रिमिती दाखवणारा सीटी स्कॅन लागतो. हाड कोरताना थंड सलाइनची धार हवी, कारण ४७ अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर टिकली तरी हाडाला इजा होते.

रुग्णाच्या प्रकृतीचा विचारही तितकाच महत्त्वाचा. आटोक्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान आणि हिरड्यांचा जुना विकार यांमुळे रोपण निकामी होण्याचा धोका वाढतो. हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी लागते. घरोघर मिश्री व तंबाखू ठाण मांडून बसलेल्या महाराष्ट्रात तर खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला पहिला प्रश्न व्यसनाचाच विचारला गेला पाहिजे.

एवढ्या तपासण्यांनी खर्च वाढतो आणि रुग्णालाच घाई असते, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच खोटा नाही. पण फसलेला स्क्रू काढणे, झिजलेले हाड भरणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करणे यांचा खर्च अखेर रुग्णाच्याच माथी येतो. निवृत्तीच्या पुंजीतून पैसे मोडणाऱ्याला तो परवडत नाही. शिवाय प्रत्येक गेलेल्या दातासाठी रोपण लागतेच असे नाही. कित्येकांना ब्रिज किंवा चांगली बनवलेली कवळी पुरते, हे सांगण्याचा प्रामाणिकपणाही नियोजनातच मोडतो.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी लेखी आराखडा, त्यातील धोके, पर्याय आणि एकूण खर्च रुग्णाच्या हाती पडलाच पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर स्क्रूची कंपनी, माप व उत्पादन क्रमांक यांची नोंदही त्याला मिळावी. एका कंपनीचे भाग दुसरीच्या स्क्रूला सहसा बसत नाहीत. दहा वर्षांनी काही सैल झाले, तर ही नोंद नसलेला रुग्ण दारोदार फिरतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. पण न्यायालयात मिळालेल्या भरपाईने ओठाची संवेदना परत येत नाही. ती वाचवण्याची वेळ हाडाला छिद्र पाडण्यापूर्वीचीच असते.