ऊन फुकट, पण गच्ची कोणाची?

चैत्र लागला की आमच्या शिंदखेड्यात गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. बिबड्या, कुरडया, सांडगे, वर्षभराची मिरची! गेल्या उन्हाळ्यात सोलर बसवणारे एक गृहस्थ आले आणि ह्यांच्याशी तासभर बोलले. चहा देताना मी सहज विचारलं, "मग मी बिबड्या कुठे वाळवायच्या?" दोघंही हसले.

मला मात्र हसू आलं नाही. मैत्रिणींनो, अपारंपरिक ऊर्जा म्हणून जिचा आज गवगवा होतो, ती आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या वापरतोय. उन्हात वाळवणं, वाऱ्यावर धान्य उपणणं आपलंच काम. गोबरगॅसलाही चार-पाच जनावरांचं शेण लागतं, ते रोज कालवतं कोण? मग निर्णयाच्या वेळी आपण फक्त चहापुरत्या का?

आपला धुळे जिल्हा तर या ऊर्जेचं माहेरघरच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१३ पासून उभा आहे. पण ऊन फुकट असलं तरी ते पडतं ती जागा कोणाची तरी असते. आपल्याच तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवतात ना? वीजप्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी म्हातारपणी ते खेटे घालत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि सहा दिवसांनी ते गेले. स्वच्छ विजेलाही माणसाला विचारावं लागतं, हे त्यांच्या जाण्यानं शिकवलं.

गच्चीचंही तसंच. म्हणून मी हिशोब मांडायला बसले. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० आणि दोनला ६०,००० रुपये अनुदान ठरलं. तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,०००. आमचं बिल पाहता दोन किलोवॅट पुरेसे होते. अनुदान पाहून तीनचा हट्ट कशाला? उरलेली गच्ची माझी!

आणखी एक गोष्ट. अनुदान वीजग्राहकाच्या खात्यात जमा होतं आणि आमचं मीटर अजून सासऱ्यांच्याच नावावर होतं. ते बदलायचंच होतं. मी म्हटलं, "माझं नाव घाला." हे क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "बरं." घराच्या कागदांवर माझंही नाव आहे, त्यामुळे अडलं काहीच नाही.

यंदा पॅनल एका कडेला आहेत, दुसऱ्या कडेला बिबड्या. आणि बिलावर माझं नाव. तुमच्या घरी असा माणूस आला, तर चहा ठेवा जरूर. पण चहा देऊन आत जाऊ नका, तिथेच बसा.