नियमांची संहिता आणि समीक्षेचे मौन

गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेने वाचकाला मोठी प्रतिष्ठा दिली. उंबेर्तो एको यांनी १९६२ साली मांडलेली ‘खुल्या कृती’ची कल्पना, रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली केलेली लेखकाच्या मृत्यूची घोषणा, संहितेतील रिक्त जागा वाचक कशा भरतो याचे वोल्फगांग इझर यांनी केलेले विवेचन, हे सारे आता पदव्युत्तर वर्गांच्या टिपणांत स्थिर झाले आहे. असे असताना, आस्वादकाने स्वतः कृती केल्यावाचून जिची संहिता एक पाऊलही पुढे सरकत नाही अशी कला समोर येऊन उभी राहते, आणि हीच समीक्षा तिच्याकडे पाहून जवळजवळ मौन पाळते. ही विसंगती केवळ दुर्लक्षाने घडलेली नाही. वाचकाचे कर्तृत्व जोवर उपमेपुरते होते तोवर ते या समीक्षेला मान्य होते. ते प्रत्यक्षात आल्याबरोबर तिने मान वळवली.

येथे विचार करावयाचा आहे तो स्वतंत्र व्हिडिओ गेमचा. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावाचून एकट्यादुकट्याने किंवा लहानशा गटाने रचलेल्या कृतींचा. मराठी अभ्यासकाला त्यांची ओळख पटण्यास अडचण पडू नये. १९६० च्या दशकात मुंबईपासून औरंगाबादपर्यंत निघालेली लघुअनियतकालिके अशीच अल्प साधनांची, अनियमित आणि बाजाराच्या कडेला उभी असलेली होती. प्रस्थापित समीक्षेने प्रारंभी त्यांची दखल घेतली नाही. त्याच पानांतून आलेल्या अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, भालचंद्र नेमाडे यांच्यावर पुढे प्रबंध लिहिले गेले. समकालीनाला ओळखण्यात झालेल्या त्या विलंबातून काही शिकावयाचे असेल, तर त्याची परीक्षा आता आहे.

या मौनाच्या समर्थनार्थ जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील पहिला असा की, गेम म्हणजे व्यसन आणि जुगार. हा आक्षेप प्रकारभेद न ओळखण्यातून येतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमना मनाई करणारा कायदा केला. त्या कायद्यानेदेखील ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक स्वरूपाचे गेम निराळे काढले आहेत. कायद्याला जो विवेक करता आला तो समीक्षेला करता येऊ नये, हे नवल आहे. रहस्यकथांचे गठ्ठे खपतात म्हणून कोणी कादंबरी हा प्रकार त्याज्य ठरवीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : गेममध्ये कथानक असले तरी ते दुय्यम दर्जाचे असते, मग साहित्याच्या अभ्यासकाने त्यात वेळ का दवडावा? या आक्षेपाचे उत्तर मर्ढेकरांच्या एका आग्रहात दडलेले आहे. प्रत्येक कलेचा विचार तिच्या माध्यमापासून सुरू झाला पाहिजे, हा तो आग्रह. गेमचे माध्यम चित्र नव्हे, ध्वनी नव्हे आणि संवादांचे शब्दही नव्हेत. ते आहे नियम, आणि त्या नियमाच्या चौकटीत खेळणाऱ्याने केलेली कृती. एस्पन आर्सेथ यांनी १९९७ साली ‘सायबरटेक्स्ट’मध्ये वाचकाच्या श्रमावर उभ्या राहणाऱ्या संहितांची मीमांसा केली, इयन बोगोस्ट यांनी २००७ साली नियमांच्या रचनेतूनच युक्तिवाद कसा उभा राहतो हे दाखविले. तेव्हा गेमचे कथानक तेवढे वेगळे काढून त्याची प्रत ठरविणे म्हणजे गझलेचा सारांश वाचून तिला नापास करण्यासारखे आहे.

लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) हा गेम पाहावा. खेळणारा हा एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरील तपासनीस आहे. जितक्यांची कागदपत्रे तो तपासील तितके वेतन. चुका वाढल्या की दंड. आणि दिवस संपला की घरभाडे, अन्न, ऊब व औषध यांचा हिशेब. एके दिवशी एका माणसाचे कागद बिनचूक निघतात. त्याच्या मागोमाग त्याची पत्नी येते. तिच्याजवळ प्रवेशपत्र नाही, आणि ती विनवू लागते. ती दया करण्याजोगी आहे, हे कोणतीही कथा सांगू शकली असती. हा गेम मात्र दयेची किंमत खेळणाऱ्याच्याच वेतनातून कापतो. नोकरशाहीतील क्रौर्य दुष्ट माणसांमुळे चालत नाही, ते थकलेल्या, हिशेबी आणि कुटुंबवत्सल माणसांमुळे चालते, हा या कृतीचा आशय होय. आणि तो एकाही वाक्यात आलेला नाही. तो वेतनाच्या नियमात आहे.

जेसन रोरर यांचा ‘पॅसेज’ (२००७) पाच मिनिटांत संपतो. खेळणारा वाटेत भेटलेल्या स्त्रीला सोबत घेऊ शकतो. मात्र घेतल्यास अरुंद वाटांनी जाता येत नाही आणि तेथील काही संपत्ती हातची जाते. दोघेही म्हातारी होतात व मरतात. सहजीवनाचे मोल आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच नियमात बांधल्या आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली हा गेम आपल्या संग्रहात घेतला. कांटच्या सौंदर्यविचारातील ज्ञानशक्तींची ‘मुक्त क्रीडा’ वर्षानुवर्षे शिकविणाऱ्यांनी प्रत्यक्ष क्रीडेला मात्र बालिश म्हणावे, यातील विनोद त्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

तिसरा आक्षेप देशीवादाच्या भाषेत येतो : हे सारे उपरे आहे. येथे वलगावचे स्मरण करणे भाग आहे. अमरावतीजवळच्या या गावी पेढी नदीच्या पुलापाशी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांचे देहावसान झाले. बाबांच्या कीर्तनाचा अभ्यास बहुधा लोकशिक्षण, बोली आणि समाजसुधारणा या अंगांनी होतो. त्याच्या रचनेकडे तितके लक्ष जात नाही. ती रचना प्रश्नांची होती. वऱ्हाडीत एक साधा प्रश्न यावा, समुदायाने उत्तर द्यावे, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघावा, आणि तीनचार पायऱ्यांनंतर श्रोत्याने स्वतःच्याच तोंडाने आपल्या रूढीचा निकाल लावावा. कीर्तनकार निष्कर्ष सांगत नाही, श्रोताच तो उच्चारतो, आणि म्हणून त्याला तो टाळता येत नाही. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये खेळणाऱ्याच्या हातून शिक्का उमटतो तेव्हा हीच युक्ती काम करीत असते. दोहोंत फरक अर्थातच आहे : कीर्तनात प्रश्नकर्ता जिवंत असतो व समुदाय पाहून वळण बदलतो, तर गेममध्ये प्रश्न आधीच बांधलेले असतात. हा फरक मोजण्याची साधने गाडगेबाबांच्या वऱ्हाडात नसतील तर ती कोठे असतील?

देशीयतेचा प्रश्न खरोखर विचारावयाचा असेल तर तो गेमच्या नियमांना विचारला पाहिजे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या गटाचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० साली आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. राजस्थानी वास्तुरूपे, भित्तिचित्रे, छायाबाहुल्यांच्या धर्तीचे कथाभाग, दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन : दृश्यस्तरावर तो समृद्ध आहे, याविषयी दुमत होऊ नये. परंतु उडी, चढाई आणि शस्त्राघात यांचे त्यातील नियम पाश्चात्त्य साहसी गेमच्या रुळलेल्या वाटेवरचेच आहेत. असुर बदलला, आघात तोच राहिला. देशीयता येथे पेहरावात आहे, व्याकरणात नाही. मूळ पात्रे इंग्रजी बोलतात आणि हिंदी आवाज मागाहून येतात, ही गोष्टही त्याच संदर्भात वाचली पाहिजे. या कृतीचे वृत्तपत्री कौतुक पुष्कळ झाले. ते कौतुक आणि समीक्षा यांत जे अंतर आहे ते भरून काढण्याचे काम मात्र कोणी अंगावर घेतले नाही.

याउलट गोव्यातील फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) हा गेम पाहावा. अरमान संधू यांच्या या कृतीचा नायक लेखक आहे, आणि त्याचे लेखन अडले आहे. बालपणीचे घर विकले जाणार म्हणून तो निरोपासाठी तेथे येतो. किनाऱ्यावरच्या संथ दिवसातील किरकोळ कृती आणि त्याच्या मनात आकार घेणारी अद्भुतकथा आलटूनपालटून खेळणाऱ्याच्या हाती येतात. येथे शत्रू नाही, गुणसंख्या नाही. निर्मितिप्रक्रियेविषयी मराठीत विपुल चर्चा झाली. अनुभवाचे कलाकृतीत रूपांतर कसे होते हा तिचा जुना प्रश्न. तोच प्रश्न शेजारच्या किनाऱ्यावर एका निराळ्या माध्यमात कोणी विचारतो, आणि मराठी समीक्षेला त्याचा पत्ता लागत नाही! येथे एकही देवदेवता नाही. परंतु खेळण्याची गती, रेंगाळण्याची मुभा आणि जिंकण्याच्या अटीचा अभाव यांतून या भूमीचा काळ नियमात उतरला आहे. ‘राजी’पेक्षा तो कमी गाजला, देशीयतेच्या कसोटीवर मात्र तो अधिक खोल उतरतो.

कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांच्या संकल्पनेतून २०१६ साली आलेला ‘मिसिंग’ मोबाइलवरचा गेम आहे. पळवून वेश्याव्यवसायात ढकललेल्या मुलीच्या जागी तो खेळणाऱ्याला उभे करतो. निवड करण्याचे स्वातंत्र्य हे गेमचे भूषण मानले जाते. येथे तेच स्वातंत्र्य क्षणोक्षणी आकसते, आणि त्या आकसण्यातच कृतीचा अर्थ आहे. हा गेम भारतीय भाषांतही आला. ‘पेपर्स, प्लीज’ही २०२२ पासून मोबाइलवर आहे. तेव्हा हे महानगरी चैनीचे प्रकरण आहे, हा बचावही उरत नाही. वलगावच्या विद्यार्थ्याच्या खिशात ही संहिता जाऊ शकते. ती वाचावी कशी हे सांगणारी मराठी परिभाषा मात्र त्याच्या वर्गात नाही.

या मौनाची किंमत कोणती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या पिढीचा कथानुभव मोठ्या प्रमाणावर या माध्यमातून घडतो आहे, तिला त्या अनुभवाविषयी मराठीत बोलण्याची सोय राहत नाही. समीक्षेने मोकळे सोडलेले मैदान जाहिरातदार आणि उपदेशक वाटून घेतात. त्याहून मोठे संकट नाशाचे आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश या तंत्राचा आधार काढून घेतला, आणि त्यावर रचलेले असंख्य छोटे गेम सहजी उघडेनासे झाले. जे वाचले ते मुख्यत्वे स्वयंसेवकांमुळे. हरवलेल्या संहितेचे दुःख या जिल्ह्याला नवे नाही. रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेनुसार ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली व ती स्मृतीतून पुन्हा सिद्ध करावी लागली. त्यातून उद्भवलेल्या पाठभेदांचा उलगडा करण्यासाठी वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचले. गेमच्या आवृत्त्या, दुरुस्त्या, बदललेले आवाज आणि गळालेले प्रसंग यांची पाठचिकित्सा हे त्याच विद्येचे नवे क्षेत्र होय.

तेव्हा मागणी साधी आहे. एखाद्या स्वतंत्र गेमवर निबंध लिहिताना अभ्यासकाने त्याची आवृत्ती नोंदवावी, नियम मराठीत मांडावेत, त्या नियमांतून निघणारा आशय सिद्ध करावा, आणि तो फसला असेल तर कोठे फसला तेही सांगावे. कोणत्याही गेमला साहित्याचे प्रमाणपत्र नको आहे. त्याला हवा आहे तो नकार देण्यापूर्वी त्याला खेळून पाहणारा समीक्षक. न वाचता कादंबरीवर अभिप्राय देणाऱ्याला विद्यापीठात जे म्हटले जाते, तेच न खेळता गेम नाकारणाऱ्यालाही लागू पडते.