कायदा कारखान्याच्या फाटकावर थांबतो, वस्तीत मात्र बुलडोझर घेऊन येतो

महाराष्ट्रात प्रदूषणाविरुद्ध कडक कायदे नाहीत म्हणून नद्या मेल्या, असे कुणी सांगत असेल तर तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो. केंद्राचा पाणी कायदा 1974 चा. महाराष्ट्राने त्याच्याही आधी, 1969 मध्ये स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि 7 सप्टेंबर 1970 रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ उभे केले. भोपाळच्या चौदा वर्षे आधी. पुढे 1981 चा हवा कायदा आला, 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, 2010 मध्ये हरित न्यायाधिकरणाचा कायदा आला.

अर्ध्या शतकाहून जास्त वय झालेल्या या मंडळाची कमाई काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 नदीपट्टे प्रदूषित ठरवले, त्यांत महाराष्ट्राचे 53 होते. 2022 मध्ये देशाचा आकडा 311 वर आला आणि महाराष्ट्राचा 55 झाला. दोन्ही वेळा आपला नंबर पहिला. देशाचा आकडा घटला आणि आपला वाढला. हाच तो पुरोगामी महाराष्ट्र!

यावर सरकारचे उत्तर ठरलेले आहे. मनुष्यबळ कमी आहे, पदे रिक्त आहेत, प्रयोगशाळा अपुऱ्या आहेत. हे सगळे खरे मानले तरी एक प्रश्न उरतो. हेच राज्य काही ठिकाणी एका रात्रीत पोलीस बंदोबस्त, जेसीबी आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत घेऊन कसे हजर होते? तिथे मनुष्यबळ कुठून येते? माझे म्हणणे सरळ आहे. प्रदूषण कायद्याची अंमलबजावणी दुबळी नाही, ती निवडक आहे. कुणाला मुदत द्यायची आणि कुणाला उचलून फेकायचे, हे ठरवूनच ती चालते. त्या ठरवण्याला वर्ग आहे आणि जातही आहे.

एका बाटलीची गोष्ट

आमच्या भागातल्या एका औद्योगिक वसाहतीला लागून बौद्धवाडा आहे. मध्ये ओढा. पावसाळ्यात, रात्री एकनंतर, जोराचा पाऊस सुरू असताना ओढ्याला फेस येतो आणि डोळे चुरचुरतात. हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पावसाचे पाणी वाहते तेव्हाच टाकीतले पाणी सोडायचे, हा हिशेब समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. एका रात्री वस्तीतल्या एका मावशीने चार्जिंगच्या बॅटरीच्या उजेडात बाटली भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेलो. साहेब सभ्य होते. चहा विचारला. मग म्हणाले, "ही बाटली माझ्या काही उपयोगाची नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला पथक आले. ओढा तोपर्यंत स्वच्छ झाला होता. नमुना घेतला गेला. काही आठवड्यांनी कळले की सर्व घटक विहित मर्यादेत आहेत. मावशीने विचारले, "म्हंजी त्या रात्री आम्हीच खोटं शिंकलो का?"

साहेब खोटे बोलले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. पाणी कायद्याचे कलम 21 वाचा. मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला जागेवर नोटीस देऊन, ठरलेल्या पद्धतीने सीलबंद केलेल्या नमुन्याचाच अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालतो. कारखानदाराला नाहक गोवले जाऊ नये म्हणून ही काळजी घेतली आहे. ठीक आहे, आरोपीला संरक्षण हवेच. पण जिच्या नाकात तो वास गेला तिच्यासाठी या कायद्यात कोणती काळजी घेतली आहे? कलम 49 म्हणते की 60 दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक स्वतः फौजदारी तक्रार करू शकतो. वाचायला छान वाटते. पण त्याने आणलेला नमुना पुरावा नाही आणि मंडळाने घेतलेला नमुना तिसऱ्या दिवशीचा आहे. मग त्याने तक्रार कशाच्या जोरावर करायची?

मंडळावर कोण बसते?

बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे की कोणत्याही संस्थेकडे पाहताना आधी पाहा, तिथे कोण बसले आहे. पाणी कायद्याचे कलम 4 राज्य मंडळाची रचना सांगते. अध्यक्ष आणि सदस्य सचिव, राज्य शासनाचे पाचपर्यंत अधिकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांचे पाचपर्यंत प्रतिनिधी, सरकारी मालकीच्या कंपन्यांचे दोन. आणि शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार किंवा शासनाला वाटेल त्या हितसंबंधांसाठी मिळून तीनपर्यंत अशासकीय सदस्य. तेही शासनानेच नेमलेले.

आता मोजा. नद्यांत सर्वांत जास्त घाण कोण सोडते? प्रक्रिया न केलेले शहरी सांडपाणी सोडणाऱ्या महापालिका आणि नगरपालिका. त्यांच्यासाठी पाच खुर्च्या. सरकारी कंपन्यांसाठी दोन. नाल्याकाठच्या वस्तीसाठी, कचरा वेचणाऱ्या बाईसाठी, कारखान्याच्या टाकीत उतरणाऱ्या सफाई कामगारासाठी किती? कायद्याने एकही राखलेली नाही. ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचे तो आत आणि ज्याचे फुफ्फुस जाते तो बाहेर, याला नियंत्रण मंडळ म्हणायचे का?

रचना अशी असली की कारवाईही तशीच होते. कलम 33-अ खाली मंडळ कारखाना बंद करू शकते, वीज आणि पाणी तोडू शकते. हा अधिकार 1988 पासून आहे. पण प्रत्यक्षात शिडी वेगळीच असते. आधी कारणे दाखवा नोटीस. मग वैयक्तिक सुनावणी. मग बँक हमी. मग अंतरिम निर्देश. फारच गवगवा झाला तर बंदचे आदेश आणि सुधारणा केल्याच्या लेखी हमीवर पुन्हा सुरू. बँक हमी म्हणजे कारखानदाराच्या लेखी धंद्याचा आणखी एक खर्च. ओढा मात्र हमीवर जगत नाही.

माहुल: दोन्ही चेहरे एकाच ठिकाणी

निवडक अंमलबजावणी म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर मुंबईतल्या माहुलला जा. चेंबूरजवळचे हे जुने कोळीवाड्याचे गाव. भोवती तेल शुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या साठवण टाक्या. तिथल्या कोळी रहिवाशांनी हरित न्यायाधिकरणात धाव घेतली. डिसेंबर 2015 मध्ये न्यायाधिकरणाने मान्य केले की इथल्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे.

त्यानंतर राज्याने काय केले? तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या हटवण्याचे न्यायालयाचे आदेश होते. पाण्याच्या सुरक्षेसाठी, सार्वजनिक हितासाठी. इथे अंमलबजावणी कशी चोख झाली पाहा! घरे पाडली आणि हजारो माणसांना माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत नेऊन टाकले. जिथली हवा धोकादायक असल्याचे न्यायाधिकरणाने नोंदवले होते, तिथेच. लोक आजारी पडू लागले. त्यांना ऑक्टोबर 2018 पासून विद्याविहारच्या रस्त्यावर बसून आंदोलन करावे लागले. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा 15 हजार रुपये भाडे आणि 45 हजार रुपये अनामत द्या.

दुसऱ्या बाजूचे वेळापत्रक बघा. कोळी रहिवाशांचा अर्ज 2014 चा, निकाल 2015 चा, आणि चार कंपन्यांवर सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई बसवण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश ऑगस्ट 2020 चा. त्या चारमध्ये दोन सरकारी तेल कंपन्या होत्या. कंपन्यांना सहा वर्षे कागद, समित्या, आराखडे. झोपडीला बुलडोझर. कायद्यापुढे सगळे समान म्हणणारे कलम 14 माहुलच्या वाटेवर नेमके कुठे हरवते?

तारापूरची कथाही वेगळी नाही. 2018 च्या केंद्रीय मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. तिथला लढा हरित न्यायाधिकरणात कुणी नेला? मंडळाने नव्हे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाने. आणि प्रतिवादी कोण? खुद्द महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. रखवालदारालाच आरोपीच्या बाजूला उभे करावे लागते, यातच सगळे आले.

सरकारच गुन्हेगार असेल तर?

8 सप्टेंबर 2022 रोजी हरित न्यायाधिकरणाने घनकचरा आणि सांडपाण्याच्या गैरव्यवस्थापनाबद्दल महाराष्ट्र शासनावर सुमारे 12 हजार कोटी रुपयांची भरपाई बसवली. अनेकांना आनंद झाला. मला झाला नाही. ही रक्कम ज्या तिजोरीतून निघेल, ती कुणाची? काडीपेटीवरही कर भरणाऱ्या माणसाची. घाण पाणी त्यानेच प्यायचे आणि दंडही त्यानेच भरायचा. ज्या आयुक्ताने, ज्या सचिवाने फायली दाबल्या, त्याच्या खिशाला चिमटाही नाही. सार्वजनिक पैशातून सरकारने सरकारला भरलेला दंड ही शिक्षा नव्हे, ती जमाखर्चातली एक नोंद आहे.

उरलासुरला तुरुंगाचा धाकही आता काढून घेतला आहे. हवा कायद्याच्या कलम 37 मध्ये दीड ते सहा वर्षे कैद होती. 2023 च्या जन विश्वास कायद्याने ती काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड ठेवला. पर्यावरण संरक्षण कायद्याचेही तसेच झाले. पाणी कायद्यात 2024 मध्ये तशीच दुरुस्ती झाली, आणि जे राज्य ठराव करेल तिथे ती लागू होते. ठोठावलेला दंड वेळेत न भरल्याबद्दल मात्र कैद आहे. म्हणजे नदी मारली तर पावती फाडा, पावती थकवली तर तुरुंग! व्यापार सुलभ व्हावा म्हणून हे केले म्हणतात. कुणाचा व्यापार आणि कुणाच्या जिवावर?

"कारखाने बंद पडले तर तुमच्याच पोरांचे रोजगार जातील," हा युक्तिवाद आम्हाला नेहमी ऐकवला जातो. कंत्राटी कामगार आम्ही, धूर खाणारे आम्ही आणि रोजगाराच्या नावाने गप्प बसायचे तेही आम्हीच. सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालवायला वीज लागते, रसायने लागतात, माणसे लागतात. तो खर्च वाचवून मालक नफा कमावतो. त्यात कुणाचा रोजगार वाचतो? आमची मागणी कारखाना बंद करण्याची नाही, प्रक्रिया केंद्र चालू ठेवण्याची आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 22 फेब्रुवारी 2017 च्या निकालात तेच सांगितले: चालू प्रक्रिया यंत्रणा नसेल तर कारखाना चालवता येणार नाही.

महाड ते माहुल

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी एक इशारा दिला होता. संविधानाचा एक शब्दही न बदलता, केवळ प्रशासनाचे रूप बदलून त्याचा आत्मा मारता येतो. प्रदूषण कायद्यांचे नेमके हेच झाले आहे. कलम 21 ने जगण्याचा हक्क दिला, न्यायालयांनी त्यात स्वच्छ हवा-पाणी आणले, कलम 48-अ ने राज्यावर जबाबदारी टाकली. सगळे शब्द जागेवर आहेत. फक्त कारवाई शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून आहे.

20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, ते पाण्यावर माणूस म्हणून आपला हक्क आहे हे सांगण्यासाठी. त्याच महाडमध्ये आज रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि सावित्रीच्या पाण्याबद्दल तिथले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. तेव्हा पाणी अडवले होते, आता नासवले जाते. तहानलेल्या माणसाला दोन्हींचा परिणाम एकच.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात.

1. राज्य मंडळावर प्रदूषणग्रस्त वस्त्या, मच्छीमार आणि सफाई कामगार यांचे प्रतिनिधी घ्या. शासनाला वाटेल त्या हितसंबंधांचा प्रतिनिधी नेमण्याची मुभा आजच्याच कायद्यात आहे, दुरुस्तीची वाट पाहू नका.
2. रात्रीची तक्रार आली तर रात्रीच नमुना घेणारे पथक प्रत्येक औद्योगिक वसाहतीत नेमा, आणि पंचनाम्यात वस्तीतले दोन साक्षीदार घ्या.
3. कारखान्यांच्या ऑनलाइन मोजमापाचे आकडे लोकांसमोर ठेवा. 2017 च्या निकालात तेही सांगितलेले आहे. फाटकाबाहेर, मराठीत फलक लावा.
4. दिलेली मुदत, घेतलेली बँक हमी आणि जप्त केलेली हमी यांची कारखानानिहाय यादी दर महिन्याला प्रसिद्ध करा.
5. शासनावर बसलेल्या दंडाची वसुली जबाबदार अधिकाऱ्यांपर्यंत न्या आणि भरपाईची रक्कम बाधित वस्तीच्या पाण्यावर आणि औषधोपचारावरच खर्च करा.

आपल्या आमदाराला गाठा. पाणी कायद्यातली कैद काढण्याबद्दल त्याची भूमिका काय, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. 14 एप्रिलला पुतळ्याला हार घालायला तो येणारच आहे. त्या दिवशी त्याच्यासमोर ओढ्याचे पाणी भरलेली एक बाटली ठेवा. न्यायालयात ती पुरावा नसेल, वस्तीत मात्र आहे.

जय भीम!